पंचेचाळिशीत नोकरी सोडायची असेल तर: बेळगावच्या माणसासाठी हिशेब, कागद आणि क्रम

प्रश्न थोडक्यात असा. वय 43. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये जून 2007 पासून नोकरी, आता क्वालिटी विभागाची जबाबदारी. हातात येणारा पगार 78,000, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 40,000. घर स्वतःचं, कर्ज नाही. पत्नी घरी शिवणकाम करतात. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. पुंजी 92 लाख: पीएफ 19, बँकेत मुदत ठेव 18, दोन सोसायट्यांमध्ये 22, म्युच्युअल फंड 24, पीपीएफ 9. घरखर्च महिन्याला 34,000. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात वडिलोपार्जित अडीच एकर, त्यातून महिना पाच-सहा हजार येतील असा अंदाज. दोन भाऊ, एक बहीण. येत्या दिवाळीला राजीनामा देऊन शेती बघत मोकळं जगता येईल का?

येत्या दिवाळीला नको. डिसेंबर 2027 अखेरची तारीख धरा. त्यानंतरही साधारण बारा वर्षं, महिन्यातले बारा दिवस काम करावं लागेल. उरलेले अठरा दिवस तुमचे. एवढं मोकळेपण तुमच्या आकड्यांत नक्की बसतं. ते टिकेल की नाही, हे मात्र कोणतं काम कधी करून ठेवता यावर ठरेल. पगाराची स्लिप हातात असताना जी कामं एका अर्जात होतात, ती नोकरी सुटल्यावर वर्षभर रखडतात आणि काही तर होतच नाहीत. म्हणून खाली रकमेपेक्षा क्रमाबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी खर्च, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. तुम्ही 34,000 म्हणता तो दर महिन्याला दिसणारा खर्च आहे. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च त्यात धरलेले नाहीत. तुमच्यासारख्या चौघांच्या घरात ते साधारण असे निघतात: शाळेची फी आणि क्लास 52,000, आरोग्य विमा व टर्म विमा 38,000, दुचाकी-चारचाकीचा विमा आणि दुरुस्ती 18,000, गणपती, दिवाळी, लग्नांतले आहेर 20,000, घरपट्टी, पाणीपट्टी, रंग आणि डागडुजी 16,000. बेरीज 1,44,000, म्हणजे महिन्याला आणखी 12,000. तुमचा खरा खर्च 46,000 महिना, वर्षाला साडेपाच लाख. माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. गेल्या बारा महिन्यांचं बँक पासबुक आणि यूपीआयचा तपशील काढून स्वतःचे आकडे भरा. कोणाकडूनही हात आखडता येणार नाही असा एक खर्च आपल्या भागात वेगळा धरावा लागतो, तो म्हणजे गावची महालक्ष्मी यात्रा. ती बऱ्याच वर्षांनी येते, पण आली की पाहुणे-रावळ्यांचं जेवण, घराची रंगरंगोटी, कपडे मिळून एका घराला दीड-दोन लाखांना पडते. तुमच्या गावची यात्रा कधी आहे ते बघून रक्कम बाजूला ठेवा.

आता पुंजी. अमेरिकेतला प्रसिद्ध नियम सांगतो की पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढा आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या. तो तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी आणि तिकडच्या महागाईवर बेतलेला आहे. चव्वेचाळिशीत सोडणाऱ्याला पंचेचाळीस वर्षं काढायची असतात आणि आपली महागाई जास्त. इथे 3 टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या 33 पट पुंजी हवी. साडेपाच लाख गुणिले 33 म्हणजे 1 कोटी 81 लाख. तुमच्याकडे त्याच्या निम्मी आहे, आणि त्यातच मुलांचं शिक्षण आहे.

काम पूर्ण थांबवलं तर काय होईल? मुलांचं शिक्षण आणि अडीअडचणीची रक्कम बाजूला काढल्यावर तुमच्याकडे साधारण 73 लाख उरतात (हा हिशेब खाली येतो). त्यातून वर्षाला साडेपाच लाख काढायला लागलात, परतावा 8 टक्के आणि महागाई 6 टक्के धरली, तर पुंजी पंधरा-सोळा वर्षांत संपते. तुम्ही तेव्हा साठीचे असाल आणि कामाला परत कोणी घेणार नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत शेअर बाजार पडलेला असेल तर त्याहून लवकर, कारण पडत्या भावात विकलेली युनिट्स पुढच्या तेजीत तुमच्याकडे नसतात.

बारा दिवस काम केलं तर चित्र बदलतं. डिसेंबर 2027 पर्यंतच्या वीस महिन्यांत दरमहा 32,000 वाचले तर 6.4 लाख होतात. ग्रॅच्युइटी 4.85 लाख. 92 मध्ये हे मिळवून 1 कोटी 3 लाख. पुंजीवर तोवर मिळणारं व्याज मी मुद्दाम धरलेलं नाही, ती तुमची सुरक्षित बाजू. त्यातून दोन्ही मुलांच्या शिक्षणाला 24 लाख आणि एका वर्षाच्या खर्चाएवढे 6 लाख बाजूला. उरले 73. हे 73 लाख बारा वर्षं हात न लावता महागाईपेक्षा फक्त 3 टक्के जास्त वाढले, तर आजच्या किमतीत 104 लाख होतात. तेव्हा तुम्ही 57 वर्षांचे असाल आणि मुलं मार्गी लागलेली असतील. दोघांचा खर्च आजच्या भावाने महिना 30,000 धरला, तर वर्षाच्या खर्चाच्या 30 पटीने 108 लाख लागतात (तेव्हा काढायची वर्षं कमी, म्हणून 33 ऐवजी 30). चार लाखांची तूट अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होणारी पीएफची पेन्शन भरून काढते. त्या बारा वर्षांत घर चालवायला दरमहा 46,000 आणायचे, एवढाच प्रश्न उरतो. त्याकडे नंतर येतो.

सोसायटीतले 22 लाख

हा तुमच्या सगळ्या मांडणीतला सर्वांत कच्चा दुवा आहे. बेळगावात, निपाणीत, चिकोडीत नोकरी सोडू पाहणाऱ्यांचा आवडता बेत असा असतो: सगळी रक्कम सोसायटीत 10 टक्क्यांनी ठेवायची आणि दरमहा व्याज घ्यायचं. 22 लाखांवर 10 टक्क्यांनी महिना 18,300 येतात आणि कागदावर छान दिसतात. त्यात दोन गोष्टी चुकतात.

पहिली, ठेवीचा विमा. बँकेतल्या ठेवीला, मग ती राष्ट्रीयीकृत असो, अर्बन को-ऑपरेटिव्ह असो की जिल्हा मध्यवर्ती, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे व्याजासह 5 लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं, म्हणजे ठेव विमा महामंडळाचं, संरक्षण असतं. क्रेडिट सोसायटीला ते नाही. मल्टिस्टेट सोसायटीलाही नाही आणि 1997 च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या सौहार्द संस्थेलाही नाही. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, पिग्मी गोळा करायला येणारा ओळखीचा असो, चेअरमन गावातले प्रतिष्ठित असोत, संस्था अडकली की ठेवीदाराच्या हातात फक्त पावती राहते. अशा संस्था बहुतेक वेळा एकाच कारणाने अडकतात: ठेवी वर्षा-दोन वर्षांच्या घेतल्या जातात आणि त्या जमिनीच्या व्यवहारांत किंवा संचालकांच्या जवळच्यांना दीर्घ मुदतीच्या कर्जात गुंततात. व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत वेळेवर मिळत राहतं, म्हणून धोका कळत नाही. पगार चालू असताना असं झालं तर माणूस सावरतो. त्या व्याजावरच घर चालत असेल तर एका महिन्यात चूल बंद पडते.

दुसरी, महागाई. आज मिळणाऱ्या 18,300 ची खरेदीची ताकद 6 टक्के महागाईने बारा वर्षांत आजच्या 9,100 इतकी राहते. मुद्दल तेवढंच, व्याज तेवढंच, भाव दुप्पट.

म्हणून आजपासून एकही पावती आपोआप नूतनीकरणाला जाऊ देऊ नका. पावत्या काढा, मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहा आणि प्रत्येक मुदतीच्या आधी पंधरा दिवस लेखी अर्ज देऊन रक्कम बँक खात्यात मागा. पुढच्या आठवड्यात या, सध्या अर्धी घ्या, नव्या योजनेत अर्धा टक्का जास्त देतो, अशी उत्तरं यायला लागली तर मुदत संपलेली नसलेल्या पावत्याही मोडायच्या, दंडाचा विचार करायचा नाही. एखाद्या संस्थेवर फारच विश्वास असेल तर दोन लाखांपर्यंत ठेवा. त्याहून जास्त ठेवण्याचं कोणतंच कारण मला पटलेलं नाही.

ही रक्कम कुठे जाईल? 15 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात. संयुक्त खात्याची मर्यादा तेवढीच आहे, एकट्याच्या नावे 9 लाख. सध्याच्या 7.4 टक्के दराने महिना 9,250 येतात. मुदत पाच वर्षं. एका वर्षानंतर मोडलं तर मुद्दलातून 2 टक्के आणि तीन वर्षांनंतर मोडलं तर 1 टक्का कापतात. हे व्याज घरखर्चाला नाही. ते काम कमी मिळालेल्या महिन्याची उशी म्हणून ठेवा, आणि काम पुरेसं असेल त्या महिन्यात सरळ म्युच्युअल फंडात वळवा. सोसायटीचे उरलेले 7 लाख, बँकेतले 18 आणि ग्रॅच्युइटी मिळून जवळजवळ 30 होतात. त्यातले 24 मुलांचे, 6 अडचणीचे. सगळे बँकेत, पण दोघांच्या नावांवर आणि वेगवेगळ्या बँकांत विभागून, म्हणजे प्रत्येक ठिकाणी 5 लाखांच्या आत राहतील. मुलाच्या वाट्याच्या 12 लाखांना अजून नऊ वर्षं आहेत, त्यातले निम्मे हळूहळू इंडेक्स फंडात नेता येतील. मुलीचे नेऊ नका.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 8.2 टक्के दर ऐकून अनेकजण ती यादीत धरतात. ती साठीनंतरची आहे. नियमाप्रमाणे निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला पंचावन्नपासून मिळते. तुमच्यासाठी ती सध्या नाहीच.

नोकरी असतानाच करायची कामं

आरोग्य विमा सर्वांत आधी. आत्ता कंपनीचा गट विमा आहे, तो राजीनाम्याबरोबर संपेल. स्वतःचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी, आजच घ्या, दीड-दोन वर्षं दोन्ही विमे चालू दे. हा दुहेरी खर्च वाटतो, पण त्यामागे कारण आहे. बीपी, शुगर, थायरॉइड असे आधीपासूनचे आजार असतील तर त्यांच्यासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. हर्निया, मोतीबिंदू, किडनी स्टोन, सांधे बदलणं अशा ठरावीक उपचारांनाही अशीच मुदत असते. ही मुदत कंपनीचा विमा पाठीशी असताना चालू व्हायला हवी. 10 लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर 10 लाखांच्या वजावटीची 40-50 लाखांची सुपर टॉप-अप (वर्षाचा खर्च 10 लाखांच्या वर गेला की पुढचा देणारी), ही जोडी एका मोठ्या पॉलिसीपेक्षा स्वस्त पडते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जुन्या दरपत्रकांवर जाऊ नका. अर्जात प्रत्येक आजार लिहा, पाच वर्षांपूर्वीची गोळीसुद्धा. बरेच दावे इथेच फेटाळले जातात. सही करण्याआधी कॅशलेस रुग्णालयांची यादी काढून त्यात बेळगावची, हुबळीची आणि कोल्हापूरची कोणती नावं आहेत ते बघा. कंपनीच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोयही असते. तसं करायचं असेल तर विमा संपण्याच्या किमान 30 दिवस आधी अर्ज करा. स्वीकारायचं की नाही ते विमा कंपनी तपासणी करून ठरवते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

कर्नाटकच्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्या, कुटुंबाला ठरलेल्या पॅकेज दराच्या 30 टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत मदत मिळते. महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, तिच्यावरून दोन राज्यांत वाद झाला. गरज पडली तर दोन्ही विचारा, पण चाळीस वर्षांचं नियोजन यावर उभं करू नका. गृहज्योतीची 200 युनिटपर्यंतची वीज आणि गृहलक्ष्मीचे 2,000 यांचंही तसंच. प्राप्तिकर किंवा जीएसटी भरणाऱ्या कुटुंबाला गृहलक्ष्मी मिळत नाही, आणि योजना सरकारबरोबर बदलतात.

टर्म विमा नसेल तर तोही आताच, साठीपर्यंत, 1 कोटीचा. नोकरी सुटल्यावर उत्पन्नाचा पुरावा मागतात आणि सल्लागाराच्या पहिल्या वर्षाच्या कमाईवर एवढं संरक्षण देत नाहीत. क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवायची असेल, घराच्या छपराचं किंवा विहिरीच्या पंपाचं कर्ज लागणार असेल तर तेही पगार चालू असताना.

पीएफमध्ये नावाची आणि तारखेची शहानिशा करा. आपल्याकडे हा घोळ हमखास असतो: शाळेच्या दाखल्यावर मराठीवरून आलेलं स्पेलिंग, आधारवर कन्नडवरून आलेलं वेगळं, एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट, जुन्या कागदावर बेलगाम आणि 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदावर बेळगावी. गावाच्या नावाचा फरक चालून जातो. स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावातला आणि जन्मतारखेतला फरक चालत नाही. दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागते, आणि ती सही नोकरीत असताना एका दिवसात मिळते. 2007 आधी कुठे काम केलं असेल तर ते जुनं खातं आत्ताच्या खात्यात वर्ग करून घ्या, ऑनलाइन वारसनोंद भरा.

सोडल्यावर पीएफ काढू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवल्यानुसार 75 टक्के रक्कम लगेच आणि उरलेली बारा महिन्यांच्या बेकारीनंतर काढता येते, पण तुम्हाला ती काढायचीच नाही. खात्यावर 58 वर्षांपर्यंत व्याज मिळत राहतं. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. एवढ्या सुरक्षिततेत एवढा दर दुसरीकडे नाही. फक्त नोकरी सुटल्यानंतर मिळणारं व्याज करपात्र धरलं जातं, ते दरवर्षी विवरणपत्रात दाखवा. पेन्शनच्या भागासाठी फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या. दहा वर्षांच्या वर सेवा झाली की हा भाग रोख मिळत नाही. हिशेब असा: सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सव्वासात वर्षांना 6,500 ची मर्यादा आणि नंतरच्या सव्वातेरा वर्षांना 15,000 ची, दोन्ही भागांत पगार गुणिले वर्षं भागिले 70. महिना साधारण साडेतीन हजार येतात. पन्नाशीतही सुरू करता येते, पण 58 पेक्षा कमी असलेल्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कायमचे कापले जातात. थांबा.

ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. तुमच्या 40,000 वर एका वर्षाचे 23,077. सहा महिन्यांपेक्षा जास्त सेवा पूर्ण वर्ष धरतात. जून 2007 पासून येत्या दिवाळीपर्यंत 19 वर्षं आणि पाच महिने होतात, म्हणजे 19 च धरणार. डिसेंबर 2027 अखेर 20 वर्षं सात महिने, म्हणजे 21, आणि 4,84,600 रुपये. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरतात. तुमच्या स्लिपवर तसं असेल तर रक्कम थोडी वाढेल. 20 लाखांपर्यंत कर नाही.

जमीन

तुम्ही लिहिता वडिलोपार्जित अडीच एकर. उताऱ्यावर कोणाचं नाव आहे? आपल्याकडच्या कन्नड पहाणीत रकाना 9 मध्ये मालकाचं नाव, 10 मध्ये हक्क कसा आला, 11 मध्ये बोजा आणि इतर हक्क, 12 मध्ये कसणाऱ्याचं नाव आणि पीक असतं. कन्नड वाचता येत नसेल तर रकाना-रकाना कोणाकडून तरी वाचून घ्या, अंदाजाने मान डोलवू नका. वडील गेले असतील आणि वारसा नोंद झालेली नसेल तर प्रथम ती करा. त्यानंतर वाटणी. दोन भाऊ आणि एक बहीण आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लग्न झालेल्या बहिणीचा हक्क भावाएवढाच आहे. अडीच एकर म्हणजे 100 गुंठे, चौघांत वाटले की तुमचे 25 गुंठे.

पावसाच्या भातावर तिथे एकरी 15 क्विंटल चांगलं उत्पन्न. 2025-26 च्या 2,369 च्या हमीभावाने एकराचे साडेपस्तीस हजार, त्यातून नांगरट, लावण, खत, मळणी जाऊन दहा-बारा हजार. तुमच्या 25 गुंठ्यांत वर्षाला सहा-सात हजार. महिन्याला पाच-सहा हजारांचा तुमचा अंदाज वर्षाचा आहे, महिन्याचा नाही. भात विकूच नका. 25 गुंठ्यांतलं नऊ क्विंटल भात म्हणजे सहा क्विंटल तांदूळ, घरच्या चौघांची गरज भागून अर्धा भावा-बहिणीला देता येईल एवढा. वाण्याचं बिल महिना दीड हजाराने उतरतं, आणि शेतीचा तुमच्या हिशेबातला खरा वाटा तोच.

चढाच्या भागात काजू लावायचा विचार असेल तर वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं, 7 मीटर अंतरावर, एकरी 80. तिसऱ्या वर्षी थोडं, खरं उत्पन्न सात-आठ वर्षांनी. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि गुरांपासून कुंपण हवं. तुमच्या भागात गवे, रानडुकरं आणि अधूनमधून हत्ती येतात, त्यामुळे ऊस आणि रताळी लावण्याआधी शेजारच्या चार शेतकऱ्यांना गेल्या तीन वर्षांचं नुकसान विचारा.

पुंजीतून आणखी जमीन घ्यायचा मोह होईल. कर्नाटक जमीन सुधारणा कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने बिगरशेतकऱ्यावरची आणि उत्पन्नाची अट निघून गेली, त्यामुळे घेणं सोपं झालं आहे. पण 73 मधले 20 लाख जमिनीत घातले की वरचा सगळा हिशेब मोडतो, कारण जमीन दरमहा काही देत नाही आणि विकायला वर्ष लागतं. घ्यायचीच असेल तर तीस वर्षांची बोजा नोंद, सर्व्हे नंबरचा भाग असेल तर 11ई नकाशा (त्या तुकड्याचा मोजणी नकाशा), आणि जमीन पूर्वी सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली आहे का हे बघा. तशी असेल तर 1978 च्या कायद्याने परवानगीशिवाय झालेली खरेदी रद्द होते, मधे कितीही हात बदललेले असले तरी.

बारा दिवसांचं काम

गेज कॅलिब्रेशन, पीपीएपीची (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) कागदपत्रं, आयएसओ 9001 ची अंतर्गत तपासणी, ग्राहकाच्या ऑडिटची तयारी: उद्यमबाग आणि मच्छेतल्या लहान फाउंड्री-मशीन शॉपना पूर्णवेळ क्वालिटी मॅनेजर परवडत नाही, पण महिन्यातून दोन-तीन दिवसांचा माणूस हवा असतो. दिवसाला 3,000 धरले, चार ग्राहकांकडे तीन-तीन दिवस, तर महिना 36,000. पत्नीच्या शिवणकामाचे 7,000 धरले, तांदळाचे दीड हजार वाचले, की 46,000 ला हजार-दीड हजार कमी पडतात. तेवढे पोस्टाच्या व्याजातून घ्या.

पहिला ग्राहक आत्ताचे मालकच असावेत. राजीनामा देताना त्यांना महिन्यातून पाच-सहा दिवसांचा एका वर्षाचा करार सुचवा, नव्या माणसाला तयार करून देण्यासह. बहुतेक मालक याला राजी होतात, कारण अचानक सुटणारी जागा त्यांनाही महाग पडते. नोकरीत असताना बाहेरचं काम घेऊ नका, नेमणूकपत्रात मनाई असते. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, कंट्रोल प्लॅन पेनड्राइव्हवर बाहेर आणू नका. बेळगावातला हा धंदा ओळखीवर चालतो आणि अशी गोष्ट आठवड्यात सगळीकडे पोचते. बिल दरमहा 5 तारखेच्या आत द्या, करारात 30 दिवसांची मुदत लिहा. फाउंड्रीवाले 90 दिवस लावतात, आणि बाजूला ठेवलेले 6 लाख पहिल्या वर्षी बहुतेक त्यासाठीच लागतात.

सेवांची जीएसटी मर्यादा वर्षाला 20 लाख आहे, तुम्हाला नोंदणीची गरज नाही. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने व्यावसायिक सल्लागाराच्या जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरतात, म्हणजे 4.32 लाखांचे 2.16. त्यात पोस्टाचं, बँकेचं आणि पीएफचं व्याज मिळवलं तरी नव्या करप्रणालीतल्या 12 लाखांच्या आत राहता, कर शून्य. म्युच्युअल फंडाच्या नफ्याला ती सवलत लागू नाही, तिथे वर्षाला सव्वा लाखाच्या वर 12.5 टक्के, म्हणून मोठी विक्री एका वर्षात करू नका. पैसे पत्नीच्या नावावर ठेवले तरी त्यावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात.

मुलांबद्दल एकच. बारावीनंतर कर्नाटकची सीईटी तर आहेच, शिवाय महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत विवादित सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. तुमचं गाव 865 च्या यादीत असेल तर रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले मुलगी दहावीत असतानाच काढा. सरकारी कॉलेजची फी आणि खासगीची फी यातला फरक 24 लाखांचा हिशेब बदलू शकतो.

एक सवय आजपासून लावा. पगार खात्यात आला की 46,000 घरखर्चाच्या वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेले त्याच दिवशी गुंतवा. यात्रा आणि लग्नसराई धरून सलग बारा महिने हे जमलं, सोसायटीचे पैसे बँकेत आले, विम्याची पहिली नूतनीकरणाची पावती हातात पडली आणि भावा-बहिणींच्या सह्यांनी वाटणी नोंदली गेली, की सप्टेंबर 2027 मध्ये मालकांशी बोला आणि नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या मुदतीप्रमाणे राजीनामा द्या. यातलं एक जरी राहिलं असेल तर तारीख जून 2028 वर न्या. आणि सोडल्यानंतर सलग सहा महिने घरखर्चासाठी बाजूच्या 6 लाखांना हात घालावा लागला, तर ते निम्म्यावर यायच्या आत एका ग्राहकाकडे महिन्याचे वीस दिवस काम धरा. तेवढ्या अंतराने परत जाणाऱ्याला उद्यमबागेत काम मिळतं, तीन वर्षांनी जाणाऱ्याला मिळणं कठीण.